मीठ मोजून घ्या

मलकापूरहून बुलढाण्याला जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. मोताळ्यापर्यंत शेते, झाडे आणि बराचसा सपाट रस्ता. पुढे राजूरचा घाट सुरू होतो आणि गाडीचा आवाज बदलतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले बुलढाणा सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. साधारण ४५ किलोमीटरच्या या वाटेत चारशे मीटरचा चढ आहे आणि त्यातला बहुतेक चढ शेवटी येतो.

हाच रस्ता सायकलने पार करायचा असे समजा. महिना एप्रिलचा आहे. तुम्ही पहाटे निघालात, पण मोताळ्याला चहा घेण्यात वेळ गेला आणि ऊन वर आले. बाटलीतले पाणी संपले, ती एका हॉटेलात पुन्हा भरून घेतली. घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर पोटरीत एकदम काहीतरी आवळल्यासारखे होते. पाय पायडलवरून उचलत नाही. पोटरीला हात लावून पाहिला, तर ती दगडासारखी कडक झालेली! याला मराठीत 'पेटका येणे' म्हणतात. आपल्या भागात 'पायात गोळा आला' किंवा 'वांब आला' असेही म्हणतात. तिन्ही शब्द लक्षात ठेवा, कारण डॉक्टर पहिला शब्द वापरतील आणि शेजारच्या आजी दुसरा किंवा तिसरा.

अशा वेळी रस्त्यावर भेटणारा प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो : "मीठ-साखर-पाणी घ्या." सल्ला जुना आहे आणि चांगला आहे. परंतु त्यात मीठ किती, साखर किती आणि पाणी किती, हे फार थोडे लोक सांगतात. या पाठात आपण तेच नीट पाहू या.

आधी घामाकडे पाहू. मातीच्या माठातले पाणी थंड का राहते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही असेच एक माठ आहे. सायकल चालवताना स्नायू तापतात. घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड राहते. उन्हात जोराने सायकल चालवणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर घाम सहज जातो, कधी त्याहूनही जास्त.

पण माठातून निव्वळ पाणी जाते, शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते. याचा पुरावा तुमच्या घरातच आहे. उन्हातून आल्यावर गडद रंगाचा सदरा दोरीवर वाळत टाका. पाठीवर आणि काखेजवळ पांढऱ्या रेषा दिसतील. त्या रेषा मिठाच्या. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत मीठ असते. कोणाच्या घामात कमी, कोणाच्या घामात जास्त. दोन मित्र एकाच रस्त्याने, एकाच वेगाने गेले, तरी एकाचा सदरा पांढरा होतो आणि दुसऱ्याचा तसाच राहतो. म्हणून "मला काही लागत नाही, तुलाच कसे लागते?" असे मित्राला चिडवू नये.

या मिठातला मुख्य भाग म्हणजे सोडियम. घामातून थोडे पोटॅशियम आणि इतर क्षारही जातात, पण सोडियम सर्वांत जास्त. रक्तातील पाण्याचे प्रमाण सांभाळणे आणि मेंदूचा हुकूम नसांमधून स्नायूंपर्यंत पोचवणे ही सोडियमची कामे आहेत. पाणी आणि मीठ दोन्ही गेले आणि आपण फक्त पाणीच भरून काढत राहिलो, तर रक्तातले मीठ पातळ होत जाते. भाजीत पाणी वाढवले आणि मीठ वाढवले नाही, तर भाजी अळणी लागते, तसेच काहीसे हे आहे. ('अळणी' म्हणजे मीठ नसलेले. उर्दूत आपण 'फीका' म्हणतो.)

हे सर्वप्रथम ज्यांच्यावरून लक्षात आले, ते सायकलस्वार नव्हते, खाणकामगार होते. इंग्लंडमधील कोळशाच्या खोल खाणींत भयंकर उष्णता असे. तेथील कामगार भरपूर पाणी पीत आणि तरी त्यांच्या हातापायांत, पोटात जबरदस्त पेटके येत. १९२३ साली मॉस नावाच्या संशोधकाने त्यांचा अभ्यास केला. घामावाटे मीठ जाते आणि हे लोक नुसते पाणी पितात, हे त्याने दाखवून दिले. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर कामगारांचा त्रास कमी झाला.

मिठाचे काम कळले. मग साखर कशासाठी? चवीसाठी, असे तुम्ही म्हणाल. चव हे कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण आपल्या लहान आतड्यात आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरात अतिशय सूक्ष्म दारे असतात. त्यांतील एका प्रकारच्या दारातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग शहरातील एका सभेत ही कल्पना मांडली. आपली नेहमीची साखर पोटात गेल्यावर तिचे दोन भाग होतात, त्यांतील एक ग्लुकोज. म्हणजे थोडी साखर असली, की मीठ आणि पाणी लवकर शोषले जाते.

ही गोष्ट प्रयोगशाळेतून बाहेर कशी आली, ते ऐकण्यासारखे आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव या सीमेवरच्या गावात त्यांच्या छावणीत कॉलरा पसरला. कॉलऱ्यात जुलाबांवाटे शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात. शिरेतून देण्याच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मोजून त्यांनी पुड्या तयार करवल्या. हे पाणी मोठ्या पिंपांत कालवून ठेवत. रोग्याचा भाऊ, आई, मुलगी, जो जवळ असेल तो पेल्याने ते रोग्याला पाजत असे. आधी शंभरातले तीस रोगी दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण शंभरात चारच्याही खाली आले. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. महाराष्ट्रात या पाण्याला 'जलसंजीवनी' असे सुंदर नाव आहे.

आता थांबा. येथे एक भाषेचा धडा आहे आणि तो औषधापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

मराठीत 'मीठ' म्हणजे नमक. उर्दूत 'मीठा' म्हणजे गोड. दोन शब्दांत एका मात्रेचा फरक आणि अर्थ अगदी उलटा! शब्दांचे मूळ शोधणारे सांगतात, की दोन्ही शब्द एकाच जुन्या संस्कृत शब्दापासून आले आहेत. त्याचा अर्थ होता चवदार, रुचकर. उर्दू बोलणाऱ्यांनी तो साखरेच्या चवीला दिला आणि मराठी, तसेच गुजराती बोलणाऱ्यांनी नमकाला. मजा अशी, की मराठीत 'मिठाई' मात्र गोडच असते. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक गंमत ऐकू येईल. पिण्यायोग्य पाण्याला उर्दूत 'मीठा पानी' म्हणतात आणि मराठीत 'गोडे पाणी'. म्हणजे 'मिठाचे पाणी' आणि 'मीठा पानी' या दोन अगदी विरुद्ध वस्तू झाल्या.

ही केवळ गंमत नाही. कोणी मराठीत सांगितले : "एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला." घाईत ऐकणाऱ्याने शब्दांची अदलाबदल केली आणि सहा चमचे मीठ घातले, तर काय होईल? एक सपाट लहान चमचा मीठ सुमारे सहा ग्रॅम भरते. सहा चमचे म्हणजे ३६ ग्रॅम. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपण पेल्यात चक्क समुद्र कालवला! असे पाणी तहान भागवत नाही. जास्तीचे मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीर स्वतःजवळचे पाणी खर्च करते आणि माणूस आणखी कोरडा पडतो. मोठा माणूस पहिल्या घोटालाच थुंकून टाकेल. पण जुलाबाने थकलेल्या लहान बाळाला चमच्याने पाजले, तर ते बिचारे काय सांगणार? अति मिठाने बाळाच्या जिवाला धोका होतो. म्हणून घरात कोणाला ही कृती सांगायची असेल, तर मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे सांगा : मीठ म्हणजे नमक, साखर म्हणजे शकर. आणि मग त्यांच्याकडून परत वदवून घ्या.

"परत वदवून घ्या" हे मी उगाच लिहिले नाही. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत हेच केले. तिच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना शिकवत : अर्धा शेर पाणी, एक मूठ गूळ आणि तीन बोटांची एक चिमूट मीठ. बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि घरात मापाचा चमचा नव्हता, म्हणून हाताचीच मापे ठरवली होती. काही दिवसांनी दुसरे लोक जाऊन त्या आयांना तेच पाणी तयार करायला सांगत आणि त्याचा नमुना तपासत. आयांना किती आठवते, यावर कार्यकर्तीचा पगार ठरत असे! अशा रीतीने एक कोटीहून अधिक घरांपर्यंत ही कृती पोचली.

आता सायकलच्या बाटलीकडे वळू. जलसंजीवनी ही जुलाबासाठी आहे. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. घाम गाळणाऱ्या निरोगी माणसाला इतके मीठ लागत नाही, कारण जुलाबापेक्षा घामात मीठ कमी असते. उलट त्याला साखर थोडी जास्त चालते, कारण त्याचे स्नायू काम करत असतात आणि साखर हे त्यांचे इंधन आहे. म्हणून लांब फेरीसाठी असे करा : एक लिटर उकळून गार केलेले किंवा गाळलेले शुद्ध पाणी घ्या. त्यात आठ सपाट लहान चमचे साखर आणि पाव सपाट लहान चमचा मीठ घाला. एका मोठ्या लिंबाचा रस पिळा. साखर आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि मग बाटलीत भरा.

'सपाट' या शब्दाखाली रेघ ओढा. चमचा भरल्यावर सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकला, की तो सपाट झाला. शीग लावून भरलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. लहान चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचे झाकण येते, त्यात पाच मिलिलिटरची खूण असते. घरातला चमचा पाण्याने भरून त्यात ओता. खुणेपर्यंत आले, तर चमचा बरोबर. पाव चमचा मोजण्यासाठी सपाट चमचाभर मीठ कागदावर पसरून त्याचे चार सारखे भाग करा आणि एक भाग घ्या.

शेवटी एक घोट चाखून पाहा. डोळ्यांतून ओघळलेले अश्रू कधी ओठांवर आले असतील. तुमचे पाणी त्या अश्रूंहून खारट लागता कामा नये. तसे लागले, तर ते ओतून द्या आणि नव्याने करा. "थोडी साखर घालून चव सुधारू" असे करू नका. चव सुधारेल, पण मीठ तितकेच राहील.

बुलढाणा जिल्ह्यात या चाखण्याला आणखी एक कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा जातो. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत अनेक विहिरींचे आणि बोअरचे पाणी मुळातच खारे आहे. अशा पाण्यात पुन्हा पाव चमचा मीठ घातले, तर हिशेब चुकतो. म्हणून नळाच्या गोड्या पाण्यातच हे पेय करा. वाटेत कोणी बोअरचे पाणी दिले, तर आधी नुसते पाणी चाखा. ते खारट असेल, तर त्यात मीठ घालू नका. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मिठाचे कोणतेही पेय घेऊ नये.

बुलढाण्याहून चिखली-मेहकरमार्गे सायकलने लोणारला जाणारेही असतात. तेथील सरोवर उल्का आदळून तयार झाले आणि त्याचे पाणी खारट आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अकबराच्या दरबारातील अबुल फजल यांच्या 'आईने अकबरी'त या भागातील क्षारांचा उल्लेख आहे, पण तो काच आणि साबण बनवण्याच्या संदर्भात! त्या पाण्यात सोड्याचे प्रमाण फार असते. दिसायला पांढरा असलेला प्रत्येक क्षार खाण्याचा नसतो. तेव्हा बाटली लोणारच्या गावात भरा.

तुम्ही विचाराल, साधे लिंबू सरबत चालणार नाही का? चालेल की! वर सांगितलेले पेय म्हणजे मोजून केलेले लिंबू सरबतच आहे. 'सरबत' हा शब्द अरबीतील 'शरिबा' म्हणजे 'पिणे' या क्रियापदाच्या कुळातला. 'शराब' आणि 'शरबत' ही भावंडे उर्दूत आहेतच. फारसी-उर्दूतून तो मराठीत आला आणि इंग्रजांनीही उचलला. अमेरिकेत १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट केड यांनी तेथील फुटबॉल खेळाडूंसाठी पाणी, मीठ आणि साखर यांचे पेय केले. ते कोणाला पिववेना. तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यात लिंबाचा रस घालायला सुचवले. तेच पुढे 'गेटोरेड' नावाने जगभर विकले गेले. आपल्या घरी लिंबू पिळायला कोणा विद्यापीठाची गरज पडली नाही, हे खरे. मोजण्याचे काम मात्र त्यांनी केले.

पातळ ताकात चिमूटभर मीठ घातले, तर तेही उत्तम. फक्त ते उन्हात बाटलीत फार वेळ टिकत नाही, म्हणून घरी पोचल्यावर प्या. कैरीचे पन्हेही चांगले, पण ते पातळ करा. शहाळ्याचे पाणी चवीला छान आणि त्यात पोटॅशियम भरपूर असते, पण सोडियम कमी. त्याबरोबर थोडे खारे शेंगदाणे खाल्ले, की जमले. बाटलीबंद रंगीत थंड पेयांच्या एका लिटरमध्ये शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते आणि मीठ जवळजवळ नसते. इतके दाट गोड पाणी पोटात रेंगाळते आणि घाटात मळमळते. खिसा हलका होतो तो वेगळाच.

आणि एक तासाच्या आतली फेरी असेल, तर यातले काहीच लागत नाही. साधे पाणी पुरेसे आहे. शाळेपर्यंत तीन किलोमीटर येणाऱ्याने दप्तरात साखरेचे पाणी बाळगण्याचे कारण नाही.

आता एक प्रश्न. हे पेय घेतले, म्हणजे पेटका येणारच नाही का? खरे उत्तर असे, की खात्री नाही. खाणकामगारांची गोष्ट खरी आहे आणि तासन्‌तास घाम गाळणाऱ्यांना मिठाने फायदा होतो, हेही खरे. पण जरा विचार करा. रक्त तर सगळ्या शरीरात फिरते. रक्तातले मीठ कमी झाले, हेच एक कारण असेल, तर फक्त पोटरीतच गोळा का येतो? हनुवटीत का येत नाही? दक्षिण आफ्रिकेतील मार्टिन श्वेलनस यांनी हा प्रश्न धरून लांब पल्ल्याच्या धावपटूंचे रक्त तपासले. पेटके आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या रक्तातील क्षारांत त्यांना विशेष फरक आढळला नाही. त्यांचे म्हणणे असे, की थकलेल्या स्नायूकडे जाणारा 'आवळ' हा हुकूम थांबतच नाही आणि 'सोड' हा हुकूम क्षीण होतो. सवय नसताना एकदम घाट चढणे, जड गिअर रेटणे, सुरुवातीलाच जोर लावणे, यांनी पेटका येतो, हे आपणही पाहतो. सायकलची बैठक फार खाली असेल, तरी पाय लवकर थकतात.

२०१० साली अमेरिकेत एक मजेदार प्रयोग झाला. तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या हलक्या झटक्याने पेटका आणला. काहींना पाणी पाजले आणि काहींना लोणच्याचे आंबट-खारट पाणी. लोणच्याच्या पाण्याने पेटका लवकर गेला, दीड मिनिटाच्या आत. इतक्या थोड्या वेळात मीठ आतड्यातून रक्तात पोचत नाही. म्हणजे घशातल्या तिखट-आंबट जाणिवेनेच नसांना काहीतरी निरोप दिला असावा. (ते काकडीचे व्हिनेगरमधले लोणचे होते. आपल्या कैरीच्या लोणच्याचे तेल पिऊन पाहू नका!)

पेटका आलाच, तर सायकलवरून उतरा. रस्त्याच्या कडेला सावलीत बसा. पाय सरळ करा आणि पायाचा चवडा हाताने धरून हळूहळू स्वतःकडे ओढा. पोटरी ताणली जाईल. अर्धा-एक मिनिट तसेच धरा. स्नायू ताणला, की 'सोड' हा हुकूम परत पोचतो. मग पोटरी हलक्या हाताने चोळा, चार घोट पेय घ्या आणि लगेच जोर लावू नका.

पिताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. तहान लागेपर्यंत बाटली विसरू नका, पण "जितके जास्त तितके चांगले" असेही समजू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरातील तेरा जणांच्या रक्तात सोडियम सामान्यापेक्षा कमी होते. मुख्य कारण एकच : घाम गेला त्याहून जास्त पाणी त्यांनी प्यायले होते. रोजा असेल, त्या दिवशी लांब फेरी ठेवूच नका. ठेवायची असेल, तर इफ्तारनंतर, पाणी आणि जेवण पोटात गेल्यावर, आणि तीही जवळची.

बाटली रोज गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. उरलेले पेय दुसऱ्या दिवशी वापरू नका. साखरेच्या पाण्यात जंतू लवकर वाढतात आणि मग खरोखरच जलसंजीवनीची पाळी येते.

सोबत्याचे डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळ झाली, तर फेरी तेथेच थांबवा. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग भाजल्यासारखे तापले, तर हा उष्माघात आहे. तेथे पेयाचा उपयोग नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

तुम्हाला स्वतःला किती पेय लागते, हे गणिताने काढता येते. फेरीला निघण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग कोरडे पुसून, तितक्याच कपड्यांत पुन्हा करा. काटा तोच हवा. समजा, निघताना वजन ४६ किलो होते आणि दोन तासांनी ४५.२ किलो भरले. म्हणजे ८०० ग्रॅम कमी झाले. वाटेत तुम्ही पाऊण लिटर पेय घेतले, त्याचे वजन सुमारे ७५० ग्रॅम. दोन्ही मिळवा. दोन तासांत साधारण १,५५० ग्रॅम, म्हणजे दीड लिटरहून थोडा जास्त घाम गेला. वाटेत लघवीला गेला असाल, तर हिशेबात तेवढी चूक राहील. तारीख, वेळ, रस्ता आणि दोन्ही वजने वहीत मराठीतून लिहून ठेवा. मग हेच गणित पावसाळ्यातल्या एखाद्या ढगाळ दिवशी, त्याच रस्त्यावर करून पाहा. उत्तर किती बदलले, तेही शेजारी लिहा.